पश्चिमेला स्लॅब

४ नोव्हेंबर, मंगळवार
दे. मॅडमचा फोन, सकाळी भाकऱ्या थापत असताना. उपग्रह सुटला! रॉकेट नीट गेलं, सगळं सुखरूप. त्यांच्या कॉलेजच्या पोरांनी बनवलेला, पावाच्या लादीएवढा. मॅडम म्हणाल्या, “आता तुमच्यावर, मनीषाताई.”
म्हटलं, असू द्या. माझ्यावरच असू द्या.
त्यांच्या कॉलेजभोवती एवढे मोबाइल टॉवर की उपग्रहाचा बारीक आवाज त्या गोंगाटात ऐकूच येत नाही. इथं आमच्या नेरे गावात अजून शांत आहे. माझं सॉफ्टवेअर सांगणार तो कधी, कुठून उगवणार. गच्चीवरची अँटेना आपसूक तिकडं वळणार. मी ऐकणार. जमलं तर त्यांच्या पुढच्या उपग्रहांचं सगळं काम माझ्याकडं, तोंडी ठरलंय. नाही जमलं तर पुन्हा हिंजवडीची नोकरी, गळ्यात कार्ड, कॅबची वाट.
जमणार. हात पिठाचे होते म्हणून नाचले नाही एवढंच.

६ नोव्हेंबर, गुरुवार
आठवड्याचं वेळापत्रक काढलं. पूर्वेला आयटी पार्कच्या इमारती आहेत, तिकडचं खालचं आभाळ कधीच गेलं. पश्चिम मात्र माझी. पार कासारसाईच्या डोंगरापर्यंत उघडी. रविवारचा पास सगळा पश्चिमेच्या खालच्या आभाळातून, लांबलचक.
अक्का (मोठ्या जाऊबाई) मेथी निवडायला आल्या होत्या. “पास म्हंजी काय गं?”
“उपग्रह एका बाजूनं उगवतो, डोक्यावरून जातो, दुसरीकडं मावळतो. तेवढी एक फेरी म्हणजे पास.”
“मग तेवढ्यासाठी एवढा कॉम्प्युटर? दारात खाट टाकून बसायचं की.”
मेथी सगळी माझ्याकडूनच निवडून घेतली.

९ नोव्हेंबर, रविवार
गेला. अख्खा पास गेला. चूंसुद्धा नाही.
सॉफ्टवेअर म्हणतंय आभाळ मोकळं. अँटेना बरोब्बर वळली. केबल बघितली, रिसीव्हर बघितला. मॅडमचे मेसेजवर मेसेज. वैतागून गच्चीवर गेले, तर अँटेनाचं नाक थेट दादांच्या सेंटरिंगच्या फळ्यांकडे!
दादा म्हणजे मोठे दीर, शेजारच्या गुंठ्यावर भाड्याच्या खोल्या बांधतायत. पाऊस थांबल्यापासून काम सुरू. मजल्यावर मजला. त्या कामगारांना रोज चहा कोण देतं? मी. त्या भिंतीवर सावलीला वाळवण कोण घालतं? मी. आणि माझ्या सॉफ्टवेअरमध्ये क्षितिजाची रेघ (कुठल्या दिशेला आभाळ कुठवर झाकलंय ती) मी गेल्या वर्षी फोनवर कोन मोजून काढली होती ती तशीच. पश्चिमेला तिथं अजून आंब्याचं झाड. जे दादांनी उन्हाळ्यात तोडलं आणि ज्याच्या कैऱ्यांचं लोणचं आम्ही अजून खातोय.
बावळट. दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ही चूक दिसली असती तर महिनाभर हसले असते.
मॅडमना खरं ते सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, “पुढचा?” म्हटलं, पुढचा चुकणार नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार
सं. (नवरा) म्हणतो, “दादाला सांग ना, थोडं थांबवायला.”
“का? त्यांची जागा, त्यांचा स्लॅब. तू सांग.”
“माझा भाऊ आहे तो.”
“म्हणून तर तू सांग.”
गेला पाण्याची मोटर बघायला. याला भावाचं नाव काढलं की मोटर आठवते.
मीही नाही सांगणार. अजून तरी. आधी माझं घर नीट करते.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
सुचलं! आणि इतकं साधं की स्वतःच्याच पाठीवर थाप मारली.
क्षितिजाची रेघ मी का काढू? ती सॉफ्टवेअरनंच काढावी. हवामानाचे उपग्रह दिवसभर येतात-जातात, आवाज खणखणीत. त्यांचा आवाज जिथं तुटतो तिथं मध्ये काहीतरी उभं आहे. डोंगर असो, इमारत असो, टाकी असो. दर फेरीला कुठं आला, कुठं तुटला, नोंद ठेवायची. दोन-तीन दिवसांत सगळं क्षितिज आपोआप. कोणी मजला चढवला की रेघ आपली आपण वर.
तीन दिवस डोकं यातच, म्हणून स्वयंपाक सं.कडं. आमटी पाणचट. एक अक्षर बोलले नाही, बोलायला वेळच नव्हता.

१५ नोव्हेंबर, शनिवार
चालतंय. लई भारी चालतंय.
स्क्रीनवर गोल, ते आभाळ. कडेनं काळी किनार. पूर्वेला आयटी पार्कचे दात. उत्तरेला पाण्याची टाकी. पश्चिमेला एक चौकोनी पायरी, वर चढलेली.
दादा नवीन इंद्रायणी तांदळाची पिशवी घेऊन आले. उभ्या उभ्या स्क्रीन बघितला.
“ह्ये काय?”
“आभाळ.”
“आन् ह्ये काळं?”
“ते तुमच्या खोल्या.”
असे खूश! “अगं ये, बघ तरी, आपल्या खोल्या उपग्रहाला दिसतायत!” म्हणून अक्कांना हाका मारल्या. म्हटलं उपग्रहाला नाही दिसत, मला दिसतायत, तर ऐकायला तयार नाहीत. मग स्वतःच म्हणाले, “फुडचा स्लॅब पडल्यावर कुटवर येईल?”
बोट ठेवून दाखवलं. काळा चौकोन पार वर गेला.
“म्हंजी तुझं आभाळ मी खाल्लं की.”
“खाल्लंत.”
चहा प्यायले. तांदूळ मात्र चांगला निघालाय, वास घरभर.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
ऐकला!!!
नव्या रेघेवर नवं वेळापत्रक. त्यात संध्याकाळची एक छोटी फट होती, दादांच्या इमारतीच्या खांद्यावरून टाकीपर्यंत. जुन्या वेळापत्रकात असले पास मी टाकूनच दिले असते. सं. दिवे बंद करून शेजारी बसला, का ते त्यालाच माहीत, दिवे बंद करायची काही गरज नसते.
आधी खरखर. मग टी-टी-टी. परत. परत. सूर हळूहळू उतरत गेला, लांब जाणाऱ्या गाडीच्या शिट्टीसारखा, म्हणजे तो खरंच धावत होता, आणि जसा धावायला हवा तसाच. रॉकेटमधून एकाच वेळी बरेच उपग्रह सुटले होते, त्यातला आमचा कोणता हे तोवर कोणालाच ठाऊक नव्हतं. आता ठाऊक आहे.
मॅडम फोनवर रडल्या. मागं पोरांचा आरडाओरडा. मी रडले नाही. नंतर बाथरूममध्ये थोडी.
मॅडम: “आता रोज ऐकायला लागेल. बॅटरी कशी आहे, कळल्याशिवाय काही करता येणार नाही.”
रोज. आणि पुढचा स्लॅब पडला की ती फटही बंद.
तरी आज मी जगात सगळ्यात हुशार बाई आहे. उद्याचं उद्या.

२० नोव्हेंबर, गुरुवार
अक्का सांगत आल्या. दादांच्या गच्चीची मापं घ्यायला माणसं आली होती. मोबाइल टॉवरवाली. सोमवारी एक तारखेला परत येणार, सही करायला.
डोकं सणकलं. स्लॅबनं आभाळ झाकलं तर मी दुसरीकडून ऐकेन, काहीतरी करेन. टॉवर बसला तर ऐकणंच संपलं. माझ्या अँटेनापासून हाकेच्या अंतरावर! कॉलेजात जे रडगाणं तेच इथं.
अक्कांना म्हटलं, एवढं सगळं तुम्हाला माहीत होतं आणि आत्ता सांगताय?
“मला तरी कुटं म्हाईत. चहा करायला सांगितला तवा कळलं.”
त्यांच्यावर चिडून काय उपयोग. तरी चिडले. मग जाताना त्यांना मेथीचे पराठे दिले.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
गेले. सरळ गेले. दादा विटांच्या ढिगापाशी, ट्रॅक्टरवाल्याशी हुज्जत चालली होती. ट्रॅक्टर जाऊ दिला.
“दादा, टॉवर बसला तर माझं दुकान बंद.”
“कोन म्हनलं?”
“मी म्हणते. माझं दुकान, मलाच कळणार.”
“आन् स्लॅबनं?”
“स्लॅबनं अर्धं. त्याला उपाय आहे. माझी अँटेना तुमच्या गच्चीवर येऊ द्या. वरून तर आत्तापेक्षा जास्त दिसेल.”
“मग दोगंबी ऱ्हावा की. गच्ची काय ल्हान हाय?”
“नाही राहता येत. एकच काहीतरी.”
दादांनी वीट उचलली, ठेवली. “टॉवरवाल्यास्नी मी शब्द न्हाई दिला अजून. पर न्हाईबी न्हाई म्हनलं. बघू.”
सं. म्हणतो, या घरात “बघू” म्हणजे नाही. अक्का म्हणतात, त्यांच्या लग्नाआधी दादा “बघू”च म्हणाले होते.
हात जोडले नाहीत, डोळ्यांत पाणी आणलं नाही. बोलायचं ते बोलले. झोप छान लागली, हे विशेष.

२३ नोव्हेंबर, रविवार
परत ऐकला. बॅटरी ठीक, थोडा गरम. मॅडमनी पोरांना माझा नकाशा दाखवला. क्षितिज आपोआप काढणारी युक्ती त्यांच्या कॉलेजलाही हवीय, आणखी दोन ठिकाणांहून विचारणा. म्हणजे सॉफ्टवेअर चालणार, मी कुठंही बसले तरी. हे आज पहिल्यांदा नीट समजलं.
पण मला कुठंही बसायचं नाही. मला इथं बसायचंय.

२५ नोव्हेंबर, मंगळवार
स्लॅब पडला. पहाटेपासून काँक्रीटच्या गाड्या, पंपाचा पाइप, व्हायब्रेटरची घरघर. कोपऱ्यात दादांनी नारळ फोडला, मिस्त्रींना टोपी-टॉवेल. मार्गशीर्ष म्हणून मटण नाही, कामगारांची तोंडं एवढीशी. अक्कांनी जिलबी आणि मसालेभात करून सावरलं. मी पुऱ्या लाटल्या, आमच्या घरावरचं आभाळ बंद होताना बघत.
अर्धा स्लॅब भरला तेव्हा मिस्त्री वरून ओरडले, “सेठ, टॉवर का सरिया कहाँ छोडना है?” म्हणजे टॉवरच्या पायासाठी सळ्या कुठं उभ्या ठेवायच्या. एकदा काँक्रीट पडलं की पुन्हा सळ्या बसवायच्या तर फोडाफोडी.
दादा माझ्याकडं बघायला लागले. मी पुरी लाटत राहिले. लाटणं थांबलं होतं खरं तर, पण हातात होतं.
“मनीषा. तुझ्या खांबाला कुटला कोपरा पायजे?”
“पश्चिमेचा. टोकाचा.”
“मिस्त्री, दोन्हीकडं सोडा. टॉवरच्याबी, आन् हिच्याबी.”
“दादा, दोन्ही नाही राहत, मी सांगितलंय.”
“सळ्या ऱ्हात्यात. फुडचं फुडं.”
असा माणूस! रागही येतो, आणि राग धरताही येत नाही. शेवटी त्यांनीच पहिली जिलबी माझ्या ताटात घातली. खाल्ली.

२७ नोव्हेंबर, गुरुवार
माझ्या गच्चीवरून आता पश्चिम शून्य. नकाशात काळा चौकोन टाकीला जाऊन भिडला. काल काहीही ऐकू आलं नाही. मॅडमना सांगितलं, दोन दिवस द्या.
नव्या स्लॅबवर पाणी मारायचं काम मी मागून घेतलं. सकाळ-संध्याकाळ. अक्का हसल्या, “आजवर तुळशीला घालायचा कंटाळा!” म्हटलं असू द्या.
आज संध्याकाळी पाइपाबरोबर छोटी हातातली अँटेनाही वर नेली. पास होता. वर उभं राहिलं आणि बघतच राहिले. कासारसाईचे डोंगर, भातकाढणी झालेली खाचरं, मधे काही म्हणजे काहीच नाही. आमच्या या गावात एवढं आभाळ होतं, हे मला माहीतच नव्हतं.
दादा पाणी बघायला आले. मला एका हातात पाइप, काखेत अँटेना, फोनवर रिसीव्हर, तारांचा गुंता. “दे हिकडं,” म्हणून अँटेना त्यांनी घेतली. दोन्ही हातांनी, नांगर धरल्यासारखी.
“कुटं धरू?”
“डोंगराच्या कडेवर. थोडं डावीकडं. बास.”
उगवायच्या क्षणालाच आला. डोंगराच्या अगदी रेघेवरून. टी-टी-टी. इतका स्वच्छ मी तो कधी ऐकला नव्हता.
“ह्योच का?”
“हाच. आता हळूहळू वर न्या. त्याच्याबरोबर जायचं.”
दादा एक एक पाऊल सरकत वळत होते, ओल्या स्लॅबवर, चपला काढून. मग त्यांच्या खिशातला फोन वाजायला लागला.
“कोन हाय बघ.”
काढून बघितला. “टॉवरवाले.”
दादांनी मान वळवली नाही. अँटेना डोक्याच्या वर गेली होती.
“वाजू दे. माजं हात रिकामं न्हाईत.”
तो टाकीच्या पलीकडं मावळेपर्यंत फोन थांबून थांबून वाजत राहिला. अँटेना माझ्या हातात देऊन दादा चपला शोधत खाली उतरले. जिन्यात त्यांनी परत फोन लावला की नाही, मला ऐकू आलं नाही. पाइप चालूच होता.