वॉशिंग मशीनसमोरचे आसन

३ मार्च, सकाळी.
ज्या कृपेने मन क्षणभर तरी ठायी बसते, तिला वंदन करून संकल्प लिहितो: नातीस ध्यान शिकवावयाचे. तिचा मेंदू निराळ्या रीतीने चालतो, असे तिच्या थेरपिस्ट बाई म्हणतात. मी म्हणतो, एकाग्रतेचा अभाव. जन्मभर शास्त्रांवर प्रवचने केलेला आजोबा घरात असता बाई कशास?
(मध्येच उठून गॅस बंद आहे ना, ते पाहून आलो. बंद होता. दुसऱ्यांदा पाहिले तेव्हाही.)

४ मार्च.
नात रोज सायंकाळी माझ्या खोलीत येते, माझे ग्रंथ एका रेषेत लावते व न बोलता जाते. आज तिला समईपुढे बसवले. म्हणाली, ज्योतीला पुढे काय करायचे ते ठाऊक नसते, मशीनला असते. आणि उठून वॉशिंग मशीनपुढे जाऊन बसली. पहिल्या पाण्यापासून शेवटच्या गरगरण्यापर्यंत ती तेथून हलत नाही. याला ही मंडळी आवड म्हणतात.

६ मार्च.
वैराग्याचा पहिला धडा म्हणून मशीन मध्येच बंद केले. नात कानांवर हात दाबून जमिनीवर आडवी. सूनबाई ऑफिसचा कॉल टाकून धावली. तुमचा जप कोणी मध्येच तोडला तर चालेल का, असे विचारू लागली. मी म्हटले, तो जप आहे.
"हाही जपच आहे, बाबा."
सूनबाईचे वाचन कमी.

९ मार्च.
नात तेव्हापासून खोलीत फिरकलेली नाही. ग्रंथ वेडेवाकडे. मीच लावून पाहिले. दोन लावले, तिसरा उघडून वाचत बसलो. मला अर्थातच या गोष्टीचे काही नाही. खोली फक्त मोठी वाटते.

१० मार्च.
नवा संकल्प. उद्या तिच्या शेजारी संपूर्ण धुणे होईपर्यंत निश्चल बसणार. मुलास सांगितले. तो हसला. कारण कळले नाही.

११ मार्च.
बसलो. पाणी भरताना उठलो. फोन वाजल्याचा भास. फेस आला तेव्हा जपमाळ आणावयास उठलो. वाटेत बाल्कनीतली कुंडी सरकवली, कुंडीखाली हरवलेली किल्ली सापडली, म्हणून कपाट आवरले. परतलो तो कपडे वाळत घातलेले. नातीसाठी घरी आलेल्या थेरपिस्ट बाई हे सारे पाहत होत्या. आजोबा पूर्वीपासून असेच का, असे त्यांनी सूनबाईस हळूच विचारले म्हणे. प्रशंसा असावी.

१२ मार्च.
मुलगा म्हणाला, बाबा, तुम्ही देवापुढे तरी सलग कधी बसलात? आई म्हणायची, ह्यांच्या पूजेत फेऱ्याच जास्त.
यावर चोख उत्तर आहे. सुचले की लिहीन.

१३ मार्च, सायंकाळी.
पुन्हा बसलो. फेस येताच पाय वळवळू लागले. नातीने काचेवरची नजर न हलवता सांगितले, "उठा, आजोबा. उठलात तरी चालतं. मी तुमच्या जागेवर टॉवेल ठेवते."
उठलो. परतलो, टॉवेल होता. पुन्हा उठलो. परतलो, टॉवेल होता. शेवटी माझी बाही धरून ती म्हणाली, "आता थांबा. आता सगळं हळू होतं." माझा सदरा काचेपाशी आला, कलंडला, स्थिरावला. हे मी प्रथमच पाहिले.
आता ती खोलीत येऊन ग्रंथ लावून गेली. ध्यान शिकविण्याचा संकल्प रद्द. शिकवणी चालू आहे, विद्यार्थी निराळा.
ज्यांचे मन ठायी बसते त्यांचे, ज्यांचे बसत नाही त्यांचे, आणि कोणी हे चोरून वाचत असल्यास, वाचता वाचता मध्येच उठून गेलेल्याचेही कल्याण होवो.