पीडितेसाठी ठेवलेली खुर्ची

बाई,

तुम्ही मेल्याला बरीच वर्षं झाली. माणसाला मेला म्हणू नये, वारला म्हणावं, हे तुम्हीच शिकवलंत. मारहाणीला तुम्ही कुरबुर म्हणायचात.

हिंगोलीच्या तुमच्या संस्थेत मी दोनदा आले. पहिल्यांदा आले तेव्हा दोन्ही कान शाबूत होते. तुम्ही नवऱ्याला बोलावून माफी मागायला लावलीत, माझी ओटी भरलीत आणि मला नांदायला पाठवलंत. त्यानंतर डावा कान गेला. दुसऱ्यांदा आले तेव्हा ठेवून घेतलंत. संस्थेच्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटता लाटता माझ्याकडून धडे वाचून घ्यायचात. चुकले की लाटणं पोळपाटावर आपटायचात. मी दचकायचे, तुम्ही हसायचात. मराठी घेऊन बी.ए. झाले तेव्हा मनगटी घड्याळ दिलंत. मग कळमनुरीपासून आपल्याकडच्या गोरेगावपर्यंत मेळाव्यांत मला उभं केलंत. कान गेल्याचं सांगायचं. ओटीचं सांगायचं नाही.

हिंगोली जिल्हा नवा झाला त्या सुमारास संस्थेला पैसे देणाऱ्यांनी कळवलं की कुरबुरी मिटवायच्या समितीत एक पीडित बाई हवी, निर्णयात तिचाही आवाज हवा. तुम्ही मला खुर्ची दिलीत. पहिल्याच बैठकीत तांड्यावरची एक जण आली, कडेवर लेकरू. पाठीवरचे वळ तिने कुणी न विचारता दाखवले. नवरा आणि सासरा बाहेर जीपमध्ये बसलेले. तुम्ही म्हणता, "अगं, लेकराकडे बघ. एकदा जुळवून बघ." ती माझ्याकडे वळते. "अक्का, तू सांग. जाऊ का?"

"जाऊ नको," मी म्हणते. "मला बी ह्या बाईंनीच नांदायला धाडलं होतं. कान त्याच्यानंतर गेला."

समितीतले वकील चष्मा पुसतात. तुम्ही हसता. "बसायला खुर्ची दिली तर ही जज्ज झाली की!" मग सगळेच हसतात. हसू ओसरेपर्यंत तुम्ही तिच्या पदरात नारळ घातलेला असतो. जाताना ती मला म्हणाली, "तुझंच कोनी आयकंना, मंग माझं कोन आयकंन?" बाहेर जीपचा हॉर्न वाजला.

त्याच वर्षी पोळ्याच्या सणाआधी तिला भाजलेल्या अवस्थेत सरकारी दवाखान्यात आणलं. जबाब घ्यायला आलेल्या जमादाराशी सासराच बोलत होता. "स्टोव्ह भडकला साहेब, खोटं काहून सांगू?" संध्याकाळपर्यंत ती संपली. तुम्ही मला म्हणालात, "आता तिचं सांगायला कुणी नाही. मेळाव्यात तू सांग. छान बोलतेस." मी उभी राहिले आणि एक शब्द बोलले नाही. लोकांना वाटलं, हुंदका आवरतेय. त्यांनी टाळ्या वाजवल्या. खाली उतरले तेव्हा तुम्ही माझी पाठ थोपटलीत.

हे पत्र कुठल्याच पेटीत पडणार नाही, म्हणून एवढं लिहिते. शेवटच्या आजारात तुमची वाचा गेली. मी रोज येऊन चमच्याने पेज भरवायचे. "पोटची लेक करनार न्हाई इतकं करून राहिली," बायका म्हणायच्या. तुम्ही ओठ हलवायचात. पाणी हवंय, हे मला लगेच कळायचं. कळलं नाही असं दाखवून मी थोडा वेळ बसून राहायचे.