चाकाची जड बाजू

बाबा, तुमची दोन्ही स्टुलं आज बाल्कनीत समोरासमोर मांडली आहेत आणि त्यांच्यामध्ये एक चाक टांगलं आहे. चाक तुमच्या मोटरसायकलचं नाही, तुमच्या मुलाच्या मोटरसायकलचं आहे. तो गेला, बाबा. गेल्या महिन्यात. हे तुम्हाला कसं सांगायचं ते सुचेना, म्हणून आधी स्टुलांचं लिहिलं. तुम्ही गेलात तेव्हा तो शाळेत होता. आता त्याचं कपाळ तुमच्यासारखं मागे सरकायला लागलं होतं आणि त्यावरून मी त्याला चिडवत असे. चिडवायला आता कुणी उरलं नाही.

खडकीच्या क्वार्टरमध्ये तुम्ही टायर बदलायचात, तो अख्खा दिवस त्यातच जायचा. फॅक्टरीच्या लिलावात मिळालेल्या खोक्यांच्या फळ्यांपासून तुम्हीच केलेली ही स्टुलं. खंडेनवमीला पान्यांबरोबर त्यांनाही हळदकुंकू लागायचं. शेजारचे लोक कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे जाऊन अर्ध्या तासात परत यायचे. तुम्ही मात्र टायरची हलकी बाजू दाखवणारा रंगाचा ठिपका व्हॉल्व्हसमोर आणून बसवता, चाकात आस घालता, तिची टोकं दोन स्टुलांवर ठेवता आणि चाकाला बोटानं हलकेच ढकलता. चाक फिरतं, मंदावतं, थोडं मागे येतं, झुलतं आणि थांबतं. जड बाजू खाली येते. तिच्या बरोबर वर, स्पोकला तुम्ही शिशाच्या तारेचे वेढे देता आणि चाक पुन्हा फिरवता. दर वेळी वेगळ्या ठिकाणी थांबायला लागलं की वजन सगळीकडे सारखं, काम झालं. आई आतून म्हणते, "अहो, आज जेवायचं आहे, की तुमचं चाकच वाढू पानात?" तुम्ही उठत नाही. "बाकीचे सगळे काय रस्त्यात आडवे झालेत का?" असंही ती विचारते, तेव्हा तुम्ही हसून कबूल करता की चाळीसच्या वेगाला हे लागतच नाही, कळणारसुद्धा नाही. "पण मला माहीत असतं ना," एवढंच म्हणता. त्या उत्तराचा आईला फार राग यायचा.

एकदा भूक लागली म्हणून मी झुलतं चाक हातानं धरून थांबवलं. तुम्ही आम्हाला कधी मारलं नाहीत, पण त्या दिवशी माझ्या मनगटावर फटका बसला. "हात लावू नकोस. त्याला आपलं आपण थांबू दे. तू थांबवलंस, तर ते तुझं म्हणणं झालं, चाकाचं नाही." धाकटा फिदीफिदी हसला होता. त्यानं कधीच हात लावला नाही. गुडघ्यांवर हनुवटी ठेवून तो चाक थांबेपर्यंत बघत बसायचा.

चाळीसनं आता कुणी जात नाही, बाबा. तुम्ही पाहिलेलं पुणं नदीपलीकडे संपत होतं. आता हिंजवडीला काचेच्या इमारती आहेत. त्यातल्याच एकीत तो रोज जायचा आणि बायपासला लागला की गाडी ऐंशीच्या खाली आणत नसे. टायर पार गुळगुळीत झाले होते. आई त्याच्या मागेच लागली होती, "तुझ्या टायरांचं आणि डोक्याचं एकदमच ठरलंय वाटतं?" शेवटी त्याच्या वाढदिवसाला तिनं स्वतः दुकानात जाऊन दोन्ही टायर घेऊन दिले. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. "ताई, ऐंशीच्या पुढे हँडल थरथरतंय. बॅलन्सिंग करता का म्हणून विचारलं, तर दुकानवाला म्हणतो, ते कारला असतं, बाइकला कोण करतं? बाबांची स्टुलं आहेत ना तुझ्याकडे? रविवारी येतो." मी म्हटलं, ये, आईही इथेच आहे, जेवायलाच ये.

रविवार आलाच नाही. शुक्रवारी सकाळी वारज्याच्या पुढे, वळणावर गाडी घसरली. रस्त्यावर वाळू होती, असं पोलीस म्हणाले. असेलही. गाडी एका कुशीवर घसरत गेली, पुढच्या चाकाला ओरखडासुद्धा नाही. लोक भेटायला आले, बसले, गेले. मी कामावर जाते, स्क्रीनसमोर बसते आणि काय वाचलं ते कळत नाही. कशातच राम वाटत नाही. पण माझं राहू द्या. आई रडत नाही, बाबा. तुमच्या एका स्टुलावर बसून ती मेथी निवडते, आणि निवडलेली मेथी पुन्हा निवडते. परवा मान वर न करता म्हणाली, "टायर मी घेऊन दिले."

मी वाळूचं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "वाळू सगळ्यांनाच होती. गॅरेजमधून पुढचं चाक घेऊन ये. तुझे बाबा लावायचे तसं लावून बघ आणि मला सांग."

म्हणून आज सकाळी तिच्याखालचं स्टूल मागून घेतलं. आस बसवली, टोकं ठेवली. आई स्वयंपाकघरात पाठ करून उभी राहिली. नळ बंद होता, काही शिजत नव्हतं. मी बोटानं चाक ढकललं. ते फिरलं, मंदावलं, मागे आलं. व्हॉल्व्ह एकदा खाली आला, वर गेला, पुन्हा खाली येऊ लागला. चाक दर वेळी एकाच जागी थांबलं असतं, तर तिला काय सांगणार होते मी? आणि कुठेही थांबलं असतं, तर मग तो उगाचच गेला, हे मला तरी कसं सोसणार होतं?

"थांबलं का गं?" आई वळून न बघता म्हणाली.

"थांबलं. दर वेळी वेगळीकडेच थांबतंय."

इतकी वर्षं तिनं तुमचं चाक ऐकलं आहे. ते किती वेळ झुलतं हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं, आणि मी तर ते एकदाच फिरवलं होतं. थोड्या वेळानं ती बाहेर आली आणि म्हणाली, "झालं असेल तर माझं स्टूल दे." तिच्याकडे बघायचं माझं धाडस झालं नाही. स्टूल अजून दिलेलं नाही. चाक तसंच टांगलेलं आहे.

ते थांबलं नव्हतं, बाबा. मी हात लावला. अजून काढलेला नाही, हे सगळं दुसऱ्या हातानं लिहिते आहे.