बेचाळीस मुद्दे आणि एक गळका नळ

मोशी, शनिवार

ती. सौ. कुसुमताईस,

धाकट्या ज्योतीरामचा नमस्कार. आम्ही तिघं इकडे खुशाल आहोत. दाजींच्या गुडघ्याचं काय झालं ते कळव. त्यांनी सांगितलेला पट्टा मी आणून ठेवलाय, पण तो डाव्या पायाचा की उजव्या हे पाकिटावर लिहिलेलं नाही, आणि दुकानदार म्हणाला, "दुखेल त्याला बांधा."

मी चक्क पत्र लिहितोय याचं तुला नवल वाटेल. फोनच केला असता, पण आमच्या दोन खोल्यांत फोनवरचं गुपित आधी स्वयंपाकघरात पोचतं, आणि ही गोष्ट स्वप्नालीला इतक्यात कळायला नको आहे.

विषय सायलीच्या पहिलीचा. आमच्या बिल्डिंगमधली सगळी पोरं पिवळ्या व्हॅनमधून इंग्रजी शाळेत जातात. मी एकदा जेवताना बोलून गेलो की पालिकेच्या शाळा काय वाईट आहेत, मीही झेडपीतलाच आहे. स्वप्नालीनं माझ्याकडे नीट वरपासून खालपर्यंत पाहिलं (म्हणजे झेडपीचा निकाल तपासला) आणि म्हणाली, पंधरा दिवस देते, लेकीला सोडून मला निश्चिंत घरी येता येईल अशी एक शाळा दाखवा, नाहीतर व्हॅनवाल्याला सांगते. खरं सांगू ताई, बोलायला मी बोललो, पण मनात धाकधूक होती. आमच्या मीटिंगमध्ये सगळे इंग्रजीत सुरू झाले की मी वहीत चौकोन काढत बसतो. माझी लेकही उद्या अशीच चौकोन काढत बसली तर? झेडपीत पहिलीला माझी बाई तूच होतीस (आणि भाऊ म्हणून दोन छड्या जास्त दिल्यास), त्यामुळे हे तुला लिहिताना लाज वाटते, पण भीती खरी होती.

तर मी माझ्या पद्धतीनं कामाला लागलो. माझं काम तुला ठाऊक आहे. चाकणच्या आमच्या ट्रकच्या कंपनीला सुटे भाग पुरवणाऱ्या लहान कारखान्यांत जाऊन मी तपासणी करतो. खोट दिसली की तिथं लाल टॅग बांधायचा. त्यावर खोट, तारीख, माझं नाव आणि मोबाईल नंबर. दुरुस्ती झाली की टॅग ज्यानं बांधला त्यानंच येऊन सोडायचा, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, हे टॅगवर छापलेलंच असतं. पालिकेच्या तीन शाळा जवळ होत्या. मी तिन्हींसाठी बेचाळीस मुद्द्यांचा तक्ता केला: वर्ग, फळा, उजेड, पाणी, संडास, पटसंख्या, सगळं. स्वप्नालीनं तक्ता पाहिला आणि विचारलं, "मुलीला शाळेत घालायचंय की ट्रकला बसवायचंय?"

पहिल्या शाळेत मी शिफ्टवरून परस्पर गेलो, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, हातात पॅड. तिथं सगळ्यांनी मला 'वरून आलेला' समजलं. मी पालक आहे म्हणेपर्यंत वर्ग उभे राहिले होते आणि माझ्या हातात नारळ आला होता. मग खिचडी आली. तीन चमचे खाऊन चवीच्या वहीत सही करावी लागली (मी 'उत्तम, मीठ किंचित कमी' लिहिलं, सवय जात नाही). भिंतींना ताजा रंग, सगळ्या खिडक्यांना काचा, गुण शंभरात ब्याण्णव. फक्त गोष्टींच्या पुस्तकांच्या कपाटाची किल्ली दहा मिनिटं शोधूनही सापडली नाही, आणि एकाही पोरानं मला तुम्ही कोण असं विचारलं नाही. तपासणीच्या दिवशी असे चकचकीत होणारे कारखाने मी पुष्कळ पाहिलेत. त्यांचा माल मी दोनदा मोजतो.

दुसऱ्या शाळेत शहाणपणानं ओळखपत्र खिशात ठेवलं. तिथं पोरांनीच मला घेरलं, तुम्ही कोण, कुणाचे बाबा, पॅडवर काय लिहिताय. अठरा मुद्दे नापास झाले, गुण सत्तावन्न. पाण्याच्या टाकीचा एक नळ गळत होता. मी पोरांशी बोलत होतो आणि हात आपला खिशात गेला, टॅग काढला, भरला, नळाला बांधला. शप्पथ सांगतो, बांधून झाल्यावर लक्षात आलं. कट्ट्यावर दौलतराव बसले होते, इथले जुने शेतकरी. त्यांच्या वडिलांनी शाळेला जागा दिली आणि उरलेल्या शेतात आता अकरा मजले उभे आहेत. ते ओरडले, "काय ओ पाव्हणं, नळाला राखी बांधताय व्हय?" मी तिथून जो सटकलो तो थेट घरी. तिसऱ्या शाळेचा तक्ता कोराच राहिला.

तिसऱ्या दिवशी मुख्याध्यापिका विजयश्री मॅडमचा फोन. मला वाटलं, आता तक्रार. त्या म्हणाल्या, "नळ दुरुस्त झालाय. टॅग तुम्हीच सोडायचा असं त्यावर लिहिलंय, म्हणून कुणी हात लावला नाही. कधी येताय?" सायलीला घेऊन गेलो. आणि ताई, बघतो तर शाळाभर लाल टॅग! तिसरीच्या पोरांनी लाल कार्डशीटचे कापून केलेले. खिडकीची कडी, हलणारा बाक, मॅडमची स्वतःची खुर्ची ('कुरकुरते. तारीख. तपासणार समर्थ'). मॅडमनी ते फाडले नव्हते. फळ्यावर यादी केली होती, अकरा टॅग, सात दुरुस्त, चार बाकी, प्रत्येकापुढे तारीख. आमच्या कंपनीत एकेक खोट सहा महिने लोंबकळते. मॅडम म्हणाल्या, "अजून काही दिसलं तर बांधा." खोट दाखवल्यावर असं म्हणणारा कारखानदार मला आठ वर्षांत एक भेटला, आणि त्याचा माल मी डोळे मिटून घेतो.

तो तासभर सायली पहिलीच्या वर्गात बसली. चार दिवसांनी मी तिला घेऊन फाटकासमोरून जात होतो, तर पहिलीच्या बाई आतून म्हणाल्या, "काय सायली, आज वेणी बाबांनी घातली वाटतं?" (मीच घातली होती.) दिवाळीत तू म्हणाली होतीस, शाळा बघू नकोस, बाईंना पोराचं नाव आठवतं का ते बघ. मी हसलो होतो. माझ्या बेचाळीस मुद्द्यांत तो नव्हता. माझी भीती अजून पुरती गेलेली नाही, पण निम्मी तरी त्या फाटकापाशी गेली.

दाजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा
ज्योतीराम

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. अर्ज मी बुधवारी भरूनही टाकलाय. स्वप्नालीला सांगायचा धीर होत नाही. तू आपणहून सुचल्यासारखा तिला फोन कर आणि पालिकेची शाळा चांगली म्हणून सांग. तुझं ती ऐकते. मी पत्र लिहिलं हे बोलू नकोस.

ता. क. २. स्वप्नाली सोमवारी पोस्टावरून जाणार आहे, तिच्याकडेच पाकीट देतो. डिंक नव्हता, पिन मारलीय.

ता. क. ३. ताई, स्वप्नालीचा नमस्कार. पिन मी काढली. त्या शाळेत मी यांच्या आठवडाभर आधीच जाऊन आले. फाटकापाशी उभी राहिले, पोरं आत पळत जात होती, एकही रडत नव्हतं. मला तेवढं पुरलं, त्याच दिवशी अर्ज भरला. व्हॅनचं मी मुद्दाम बोलले, नाहीतर यांना शाळेचं फाटक बघायला पाचवी उजाडली असती. परवा मॅडमचा फोन आला, एका मुलीचे दोन अर्ज आलेत, तुम्ही दोघं एकाच घरात राहता ना?

मीटिंगमधल्या चौकोनांचं मात्र मला आजच कळलं. वाचून वाईट वाटलं. फोन मला नको, त्यांना करा. सायलीचे बाबा म्हणून ते पास आहेत, हे तुम्ही सांगितलंत तर त्यांना पटेल.

आणि काल रविवारी भाजी घेऊन येताना सायली शाळेपाशी थांबली. बापाच्या पिशवीतला एक लाल टॅग तिनं आणला होता. फाटकाच्या कुलपाला बांधला. खोट काय ते लिहिता येईना, म्हणून तिनं सांगितलं आणि मी लिहिलं: 'बंद आहे.' नंबर यांचाच दिलाय.