कारखाना बंद पडला त्या हिवाळ्यात

डोंगग्वान, १२ नोव्हेंबर २००८

ती. आक्कास,
धाकट्या यूश्याचा शि. सा. नमस्कार वि. वि.

तुझं पत्र आणि याओयाओने काढलेलं बदक, दोन्ही पोचली. बदक मी पलंगाच्या वरच्या फळीला चिकटवलंय, म्हणजे आडवी झाले की लेक डोळ्यांसमोर. दुकानातल्या फोनवर बोलायचं तर अख्खं शिबान गाव कान देऊन बसतं, म्हणून लिहितेच.

इथलं काही खरं नाही. अमेरिकेत बँका बुडाल्या म्हणे, आणि म्हणून आमची कापडी अस्वलं कोणाला नकोत. गोदामात पोत्यांवर पोती चढलीत. जादा काम बंद, आणि दुपारीच मशीन थांबतात. याओयाओचा बाप देशंग कामाला होता तो फर्निचरचा कारखाना तर गेल्या महिन्यातच मिटला. तो उत्तरेला रस्त्याच्या कामावर गेलाय. हात फुटलेत म्हणतो, पण बोलताना हसतो. आमच्या खोलीतल्या पोरी एकेक करून गावी निघाल्यात.

रिकामे पलंग बघितले की पहिलं वर्ष आठवतं. तू आणि मी एकाच पलंगावर, एकीच्या पायाशी दुसरीचं डोकं. तू झोपेतसुद्धा मशीनचं पायडल मारायचीस आणि सकाळी मलाच दटावायचीस की मी लाथा मारते. तेव्हा कामाला माणसं पुरत नव्हती आणि आपल्याला झोप पुरत नव्हती.

नव्या वर्षाच्या सणाला येते. बहुतेक कायमचीच. याओयाओला सांगून ठेव.

माया आहे तशीच असू दे.
तुझी, यूश्या


शिबान, ३० नोव्हेंबर २००८

चि. यूश्यास,
आक्काचे अनेक आशीर्वाद.

लाथा तूच मारायचीस. सगळ्या खोलीला माहीत होतं.

याओयाओ खुशाल आहे. पुढचा दात पडलाय, त्यामुळे शाळेत गाणं म्हणताना शिट्टी वाजते आणि बाई तिलाच पुढे उभी करतात. भाताला नाक मुरडते, आंबट भाजीचं सूप मात्र वाडगा चाटूनपुसून. तिला कसलीही कमी नाही, तेव्हा तू जिवाला लावून घेऊ नको.

कायमचं यायची एवढी घाई कशाला? गाव परतलेल्या माणसांनी भरलंय. बाप्ये दिवसभर पत्ते कुटतात आणि बायका त्यांच्यावर खेकसतात. शेजारचा थोरला लिआओ इतक्या वर्षांनी नांगर धरायला गेला, तर म्हशीनेच त्याला बांधावर नेऊन सोडलं. इथे येऊन तू काय करणार? शिवाय गेल्या हिवाळ्यासारखं बर्फ पडलं तर वाटेत अडकशील. थंडी सरू दे. कारखाने काय, आज मिटतील, उद्या उघडतील.

कारखान्याच्या फाटकासमोरची, तिखट रश्श्यात गोगलगाई शिजवणारी बाई अजून बसते का गं? पगाराच्या संध्याकाळी आपण जायचो आणि तू टाचणीने गोगलगाय उपसताना माझ्या नव्या सदऱ्यावर रस्सा उडवलास. सदरा गेला, डाग मात्र डोळ्यांपुढून जात नाही. इथे शेगडीशी बसून तो तिखट वास आठवला की कासावीस होते.

तब्येत सांभाळ. थंड पाण्याने केस धुऊ नको.
तुझी आक्का, लानफेन


डोंगग्वान, ८ जानेवारी २००९

ती. आक्कास,
शि. सा. नमस्कार वि. वि.

कारखाना मिटला. सकाळी गेलो तर फाटकाला साखळी. मालक कुठे गेला हे पहारेकऱ्यालाही ठाऊक नाही. तो बिचारा आम्हालाच विचारत होता. पोरी थोडा वेळ आरडल्या, मग रस्त्याकडेला बसून राहिल्या. मीही बसले. हाताला काही काम नाही म्हणून एकीने दुसरीची वेणी घातली.

गोगलगाईवालीही गावी गेली. जाताना तुझी चौकशी करत होती, ती उंच, सारखी रागावणारी कशी आहे म्हणून. मी म्हटलं, तशीच आहे.

आक्का, तुझं पत्र मी पुन्हापुन्हा वाचलं. गेल्या साली तूच लिहिलं होतंस की पोर मोठी होतेय आणि तू तिकडे दुसऱ्यांच्या पोरांसाठी अस्वलं शिवत बस. आता तूच येऊ नको म्हणतेस. आधी राग आला. मग बदकाकडे बघताना उलगडलं. बाहेरगावच्यांच्या पोरांना इथे शाळा मिळत नाही म्हणून तिला तुझ्या पदरात टाकली, तेव्हा ती धड बसतही नव्हती. पुढचं लिहीत नाही. भेटल्यावरही बोलणार नाही. पण मला जायला दुसरं गाव नाही गं.

गाडीचं तिकीट मिळालं. उभ्यानेच येईन.
तुझी, यूश्या


डोंगग्वान, २२ फेब्रुवारी २००९

चि. यूश्यास,
अनेक आशीर्वाद.

वरचं गावाचं नाव वाचून रागावली असशील. तू याओयाओला शाळेत सोडायला गेलीस आणि मी बस धरली. लिआओच्या बायकोजवळ निरोप ठेवला होता. तोंडावर सांगितलं असतं तर तू रडली असतीस, आणि मग मीही गेले नसते.

सणाच्या जेवणात पोरीने पाहुण्यांदेखत मला सांगितलं, आई, मावशीला मासा वाढ. मावशी म्हणजे तू. तू हसलीस आणि भाजी धुवायला अंगणात गेलीस. भाजी मी धुतलेली होती. त्या घटकेला मला बरं वाटलं, यूश्या. मग माझीच मला भीती वाटली. मी डोळ्यांपुढे असेपर्यंत ती तुझ्याकडे वळणार नाही.

कारखान्यांच्या दारांवर तरुण पोरीच हव्यात अशा पाट्या आहेत, आणि तरुण पोरींनाही काम नाही. आपली जुनी मुकादमीण शू बाई आता एका चपलांच्या कारखान्याचं स्वयंपाकघर चालवते. तिने भाजी चिरायला ठेवून घेतलं. अजून तसंच वसावसा ओरडते. ऐकून बरं वाटलं.

आपल्या फाटकाला साखळी तशीच आहे. जिथे आपण कपडे वाळत घालायचो त्या गच्चीवर गवत उगवलंय. मी खाली उभी राहिले. पाळी सुटल्याची घंटा होईल आणि दारातून पोरींचा लोंढा येईल, डबे वाजवत, त्यात तू असशील, विशीतली, असं उगीच वाटत राहिलं. पहारेकऱ्याने विचारलं कोण पाहिजे. मी म्हटलं, कोणी नाही.

पोर जेवते का? वेणी सैल घाल, घट्ट घातली तर तिचं डोकं दुखतं.

दोघींवर माझा जीव आहे, हे विसरू नका.
तुझी आक्का


शिबान, ५ एप्रिल २००९

ती. आक्कास,
शि. सा. नमस्कार वि. वि.

राग अजून गेलेला नाही, हे आधीच लिहून ठेवते.

तू गेल्यावर याओयाओ शाळा सुटली की फाट्यावर जाऊन बसायची. प्रत्येक बस निघून गेली की माझ्याकडे अशी बघायची, जणू मीच तुला कुठे लपवलंय. डोक्याला हात लावू देईना. शेवटी तुझ्या पत्रातली वेणीची ओळ तिला वाचून दाखवली. तशी माझ्याकडे पाठ करून बसली आणि फणी मागे सरकवली.

लिआओची बायको आणि मी मिळून बाजाराच्या गावात शिवणयंत्र टाकलंय. शाळेचे कपडे शिवतो. बरकत बेताची आहे, पण संध्याकाळी घरी असते. देशंग उन्हाळ्यात येतो म्हणतोय. मोहरीचा पिवळा बहर सरत आलाय. तुझ्याशिवाय शेगडीजवळची बाजू रिकामी वाटते.

परवा मी मळ्यात कांद्याची पात काढत होते. घरातून पोरीची हाक आली, अगं, मीठ कुठे ठेवलंयस? आई नाही, मावशी नाही, नुसतंच अगं. फडताळात आहे म्हणून सांगितलं आणि तिथेच बांधावर बसले. पात हातातच राहिली. परत हाक आली, अगं, सापडत नाहीये. तेव्हा उठले.

आई अजून तूच आहेस. रोज झोपताना विचारते, आई कधी येणार. भाताच्या कापणीला येते, असं मी परस्पर सांगून टाकलंय. आता मला खोटं पाडू नकोस.

वाट बघणारी,
यूश्या