रेनस्केची सीट

१४ ऑक्टोबर, प्लासेन्सिया

पोहोचलो एकदाचा! उत्तरेला घरी, ड्राख्टनला, हाडं गोठवणारा वारा सोडून आलो आणि इथं स्पेनमध्ये लोक अजून अर्ध्या बाह्यांत हिंडताहेत. चौतीस वर्षं बस हाकलेल्या म्हाताऱ्याला निवृत्तीनंतर काम मिळावं तर असं. प्रवासात कुणी आजारी पडतं, कुणी जातंसुद्धा. माणसं विमानानं परततात, मोटरहोम, म्हणजे त्यांचं चाकांवरचं घर, मागे राहते. ती आम्ही कंपनीच्या ड्रायव्हरांनी मालकाच्या दारात नेऊन उभी करायची. माझी ही पहिलीच खेप.

गाडी ब्रांडस्मा नवराबायकोची. पानगळ सुरू झाली की दोघं दक्षिणेकडे निघायची ती वसंतातच परतायची. पुढच्या काचेत नावांच्या दोन पाट्या आहेत, ओनो आणि रेनस्के. दहा दिवसांपूर्वी रेनस्के गाडीबाहेर खुर्चीत बसल्याबसल्या गेली. त्या धक्क्यानं ओनोचं अर्धं अंग लुळं पडलं. तो सालामांकाच्या इस्पितळात आहे. तिची शवपेटी विमानानं घरी गेली. शेजारच्या गाडीतली जर्मन बाई डोळे पुसत सांगत होती, की नकाशा रेनस्के बघायची, ओनो चुकीचा वळायचा, दिवसभर दोघांची तूतू-मैंमैं, आणि साडेदहाच्या कॉफीला मात्र एकदम गोडीगुलाबी.

आत सगळं कसं लख्ख आहे. नियमाप्रमाणे मी हॉटेलात झोपायला हवं, पण पुढच्या बाकावरच पथारी टाकली. माझी बायको तिनेके गेल्यापासून घर खायला उठतं. इथं बरं वाटलं.

१५ ऑक्टोबर, बुर्गोस

गाडी लोण्यासारखी चालते. एकच गंमत झाली. सालामांकाच्या फाट्याशी शेजारच्या सीटवरचं नकाशांचं पुस्तक धप्पकन उघडलं. सालामांकाचंच पान. मिटलं, तर पुन्हा उघडलं. म्हटलं वारा असेल, आणि सरळ पुढे निघालो. खिडक्या बंद होत्या हे मागाहून लक्षात आलं.

साडेदहाला थांबलो तर किटली गरम. मी तिला हातसुद्धा लावला नव्हता. शेजारची सीट माझ्याकडे तोंड करून वळलेली. या सीटा गोल फिरतात खऱ्या, पण खिट्टी काढल्याशिवाय नाही, आणि खिट्टी तर घट्ट लागलेली होती. सित्से, म्हातारा झालास लेका, असं स्वतःलाच म्हणून कॉफी प्यायलो. चांगली झाली होती.

१६ ऑक्टोबर, बोर्दो

पुस्तकाला दोरी बांधली. दोरी सुटली. तेच पान.

ओनोची मुलगी फेम्के, तिचा फोन आला होता. उद्या आईची माती, म्हणून ती अडकली आहे. त्या झटक्यानंतर बापाला आई गेल्याचं आठवतच नाही, आणि कुणी पुन्हा सांगितलेलंही नाही. रोज विचारतो म्हणे, ही कुठे राहिली, इतका वेळ कशाला लागतो हिला? मग स्वतःच म्हणतो, नकाशा तिच्याकडे आहे, येईल बरोबर. डॉक्टर म्हणतात, फार तर चार दिवस. फेम्के रडत होती. तुम्ही तेवढी गाडी जपून आणा हो, म्हणाली.

मी शेजारच्या सीटकडे पाहिलं आणि कळलं. ती बाई इथंच आहे. तिला नवऱ्याकडे जायचंय, आणि मी तिला उलट्या दिशेनं नेतोय.

तिनेके गेली तेव्हा मी बसवर होतो. इस्पितळातून फोन आला होता. म्हटलं, फेरी पुरी करून जातो. सहा थांबे उरले होते.

१७ ऑक्टोबर, तूर

वळवायला हवी होती. नाही वळवली. कंपनीचा हुकूम, ठरलेली तारीख— सगळ्या सबबी. घाबरलो होतो, बस. मागे वळून तिला तिथवर न्यायचं म्हणजे ती आहे हे कबूल करायचं.

सीट दिवसभर माझ्याकडे वळलेली. नकाशाचं पान ओलं. दुपारी, लख्ख उन्हात, हुंदके ऐकू आले. तिनेके अश्शीच रडायची, तोंडावर हात दाबून. मी रेडिओ मोठा केला. लाज वाटते लिहायला.

१८ ऑक्टोबर, स्पेनची हद्द

पहाटे वळलो. कंपनीतला माणूस फोनवर ओरडला, अक्कल गहाण टाकलीय का? ऐकू येत नाही म्हणालो आणि ठेवून दिला.

सीट आता पुढे तोंड करून आहे. नकाशावर शिसपेन्सिलीची रेघ दिसते— काल नव्हती. त्या रेघेनं जातोय. भीती वाटते— पण गाडीत दोघं आहोत, हेही खरं.

फेम्केला विचारलं. ओनो अजून आहे.

१९ ऑक्टोबर, सालामांका. दहा पन्नास

नर्स म्हणाली, सव्वानऊला शुद्धीवर होता. खिडकीकडे तोंड करून बसवा म्हणाला, आमची गाडी येईल. बसवलं. पावणेदहाला गेला.

मी दहा वीसला पोहोचलो.

वाटेत डिझेलला थांबलो होतो. भरून झाल्यावर आत बसून सँडविच खाल्लं. सावकाश. पाऊण तास— 

देवा. पुन्हा.

अकरा वाजून गेले

तिच्या बाजूचं दार उघडून ठेवलंय. उतर म्हटलं, बाई. तो वर आहे. उतरत नाही— तिला कळलंय, की कळलं नाही— 

सांगितलं. मोठ्यानं सांगितलं. तो गेला. उशीर मी केला. तुझं काही चुकलं नाही, तू वाट बरोबर दाखवत होतीस— 

हुंदके थांबले.

सीट वळली. माझ्याकडे. खिट्टी लागलेलीच— 

दार मिटलं. मी नाही मिटलं.

डाव्या हातानं लिहितोय. उजवा तिनं धरलाय. बर्फासारखा गार हात— घट्ट नाही. सोडवता येईल.

सोडवत नाही मी.

इंजिन सुरू झालं. नकाशा मिटलेला आहे. जिथं ओनो, तिथंच तिनेकेही असेल— आणि या खेपेला मी वाटेत कुठंही थांब—