लेप डबीत येत नाही

प्रिय अक्का,

उद्या सकाळी डॉक्टरला हो की नाही ते सांगायचं आहे, म्हणून आज तुला लिहायला बसलो. माझाही डावा खुबा झिजला. काठी घेऊनही देवपुरातल्या आमच्या गल्लीच्या टोकापर्यंत जाववत नाही. गोळा बदलावा लागेल म्हणतात, तुझा बदलला होता तसा. मुलगा म्हणतो, "आबा, आता मागेपुढे पाहू नका." मी दुसरं काय केलं गं जन्मभर?

तुझ्या गोळ्यावर जंतू बसले. धातूवर त्यांनी एकदा ठाण मांडलं की औषधाला दाद देत नाहीत, असं तुझा डॉक्टर म्हणाला होता. गोळा काढला, आणि मग तू उठलीच नाहीस. अमळनेरच्या घरात तुझा वॉकर अजून दाराआड उभा आहे. मी गेलो की तिकडे पाठ करून बसतो.

तुझी नात हर्षाली जळगावच्या कॉलेजात आता हेच काम करते. शरीरात बसवायच्या धातूवर जंतू बसू नयेत म्हणून त्यावर लेप चढवते. हे ऐकलं आणि वाटलं, चला, सुटलो. मुलाच्या मागे लागून जळगावला गेलो. पिशवीत झाकणाची स्टीलची डबी घेतली, घासून, उन्हात वाळवून. थोडा लेप आणायचा आणि डॉक्टरच्या हातात द्यायचा, बसवण्याआधी गोळ्याला लावा म्हणून. चौथी शिकलेल्या माणसाला लेप म्हणजे काय वाटणार? उगाळलेली सुंठ.

पोरीने डबी पाहिली आणि आधी हसली. मग हसू विझलं. म्हणाली, "आबा, हा लेप डबीत येत नाही. तो वेगळा असा कुठे नसतोच. थरावर थर बसले की तो तयार होतो."

मग मला स्टुलावर बसवून दाखवलं. चिमट्यात धातूची चकती. ती एका काचेच्या भांड्यात बुडवायची, वर काढून पाण्याने धुवायची. मग दुसऱ्या भांड्यात, पुन्हा धुवायची. पुन्हा पहिल्यात. दोन्ही भांड्यांत पाण्यासारखंच काहीतरी. म्हणे एकातल्या कणांचा भार उलटा, दुसऱ्यातल्यांचा सुलटा, म्हणून ते एकमेकांना धरून ठेवतात. थर इतका पातळ की डोळ्याला दिसतच नाही. पुष्कळ थर झाल्यावर मात्र चकतीवर रंग उमटतो, सांडलेल्या तेलावर दिसतो तसा.

मला आपली तू आणि मी आठवलो. तू कशालाच न भिणारी, मी पानाच्या सळसळीला दचकणारा. आईमागे कसे धरून राहिलो एकमेकांना!

मी विचारलं, "आत्ताच लावलं, ते धुतेस कशाला? वाया नाही जात?"

"जे धरायचं ते धरलंय आबा. वरचं सैल आधी गेलं पाहिजे. नाहीतर पुढचा थर त्या सैलावरच बसतो, आणि सगळं सुटून येतं."

मग भांड्यांत काय आहे तेही विचारून बसलो. एकात समुद्रातल्या शेवाळाचं सत्त्व. दुसऱ्यात झिंग्यांच्या टरफलांचं. अक्का, झिंगे! तू माळकरी, शेजारणीच्या तव्यावरची भाकरी चालत नव्हती तुला. मी म्हटलं, "तुझ्या आजीला हे कळलं तर चिमट्यासकट बाहेर काढेल तुला." ती म्हणाली, "काढू दे. निदान काढायला असायला हवी होती."

मी पिशवीतल्या डबीचं झाकण उगाच उघडलं, लावलं.

थोड्या वेळाने लाज सोडून म्हटलं, "माझ्या गोळ्याला तेवढं बुडवून दे. कोणाला सांगणार नाही."

"तुम्ही? तुम्ही तर नाक्यावरच्या चहावाल्यालाही सांगाल."

मग जवळ बसून समजावू लागली. हे अजून चकत्यांवरच चाललंय, माणसात घालायला खूप वर्षं लागतील, लागूही पडणार नाही कदाचित. "तोवर थांबलात तर खाटेवरून उठणार नाही, आबा." आणि एकदम विचारलं, "दात कसे आहेत?"

तेव्हा कळलं मला, अक्का. तू गालात लवंग धरायचीस ती सवय म्हणून नव्हे. तुझ्या दाताखाली पू होता, पोरीने सांगितलं. तू गेल्यावर तुझ्या पदराच्या गाठीत हर्षालीला लवंगा सापडल्या. जंतू तिथूनच रक्तात उतरले असतील, नसतीलही. डॉक्टरलाही नक्की सांगता आलं नाही. पण डॉक्टरने दातांचं विचारलं तेव्हा तू सांगितलं का नाहीस? ऑपरेशन पुढे ढकलतील म्हणून? मी कुठे दुखलं की गावभर सांगायचो, तेव्हा तू म्हणायचीस, "कितला घाबरस रे तू! काय बी व्हत नही." झालं की गं. थोडं घाबरली असतीस तर?

आणि माझीच गंमत बघ. खालची दाढ कित्येक दिवस ठणकते आहे. काढतील या भीतीने गावभर सांगणारा मी यावर मात्र गप्प होतो. त्याच गालात लवंग होती, पोरीने विचारलं तेव्हा.

थकलो आता. भीती वाहून वाहूनच थकलो बहुतेक. खुब्यात साधाच गोळा बसेल, बिनलेपाचा. ज्यांच्या नशिबी हर्षालीचा लेप असेल, ते अजून चालते-फिरते असतील. डबी सूनबाईला परत दिली. तिने त्यात जिरं भरलं.

शब्द देतो अक्का. आधी दाढ, मग खुबा, काहीही झाकून न ठेवता. तू उघडलं नाहीस ते तोंड मी उद्या डॉक्टरपुढे उघडीन.

तुझा घाबरट धाकला,
सुक्या